अ‍ॅम्प नंतर, आधी ओहम विचारा

"हेडफोन चांगला घ्यायचाय, पण मग अ‍ॅम्पही घ्यावा लागेल ना, काकू?" आमच्या सोसायटीतल्या पोरांचा हा हुकमी प्रश्न. मला विचारतात, कारण माझं पोट कानांवर चालतं. पनवेलच्या खांदा कॉलनीतल्या घरी बसून मी मुलाखती, व्याख्यानं, सभांची भाषणं ऐकते आणि टाइप करून देते. कानातून एक 'स' निसटला तर साठाचे आठ होतात आणि मजकूर देणारा माणूस फोनवर बरसतो. माझं उत्तर ठरलेलं आहे. तुमच्यापैकी बहुतेकांना अ‍ॅम्प लागत नाही. ज्यांना लागतो, त्यांनीही आधी हेडफोन पक्का करावा, मग अ‍ॅम्पकडे बघावं. सध्या उलटं चाललंय. व्हिडिओ बघून पोरं आधी अ‍ॅम्प मागवतात आणि उरलेल्या पैशांत हेडफोन बसवतात.

अ‍ॅम्प म्हणजे पाण्याचा पंप. दाब वाढवेल, गढूळ पाणी गाळून देणार नाही. आपल्याला किती दाब हवा, हे मात्र शाळेतल्या विज्ञानावर काढता येतं. बऱ्याच लॅपटॉपच्या जॅकमधून जास्तीत जास्त एक व्होल्टच्या आसपास मिळतो. मी वापरते तो बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो, ८० ओहमचा. व्होल्टचा वर्ग भागिले ओहम, म्हणजे साडेबारा मिलिवॉट. कंपनी सांगते की एका मिलिवॉटला हा हेडफोन ९६ डेसिबल देतो. शक्ती दहापट झाली की आवाज दहा डेसिबलने चढतो, म्हणजे हा जवळपास १०७ पर्यंत जाणार. समोरासमोर बसून गप्पा मारतो तो आवाज साठच्या घरात असतो. आता सांगा, अ‍ॅम्प कशाला? याच हेडफोनची २५० ओहमची आवृत्ती घेतली तरी एका व्होल्टवर १०२ मिळतात. ऑडिओ-टेक्निकाचा एम५०एक्स ३८ ओहमचा आहे, तो तर ११३ च्या आसपास पोचतो.

मग अ‍ॅम्प कुणाला लागतो? ज्याच्या लॅपटॉपचा जॅक अर्ध्या व्होल्टवर दमतो, ज्याचा हेडफोन तीनशे ओहमचा आहे आणि जो शास्त्रीय संगीत ऐकतो, त्याला. ख्यालाची सुरुवातीची आलापी अगदी हळू असते. ती नीट ऐकू यावी म्हणून आवाज वाढवला, की पुढे द्रुत लयीतल्या तानांना आणि तबल्याला उसळायला जागा उरत नाही. काही प्लेनर जातीचे, म्हणजे सपाट पडद्याचे, हेडफोनही असेच हट्टी. हायफायमनचा एचई-६ फक्त ५० ओहमचा, पण एका मिलिवॉटला जेमतेम ८३.५ डेसिबल. म्हणून नुसते ओहम बघून भागत नाही, संवेदनशीलताही बघावी लागते.

आणि इथेच गिऱ्हाइकाची फसगत होते. संवेदनशीलतेचा आकडा कुणी एका मिलिवॉटला देतं, कुणी एका व्होल्टला. सेनहायझर एचडी ६०० चा आकडा ९७, माझ्या हेडफोनच्या २५० ओहमच्या भावंडाचा ९६. वाचणाऱ्याला वाटतं, सेनहायझर जास्त मोठ्याने वाजणार. पण ते ९७ एका व्होल्टचे आहेत आणि हे ९६ एका मिलिवॉटचे. एकाच व्होल्टवर दोघांना बसवलं तर सेनहायझर पाच डेसिबलने हळू निघतो. वैध मापन शास्त्राच्या २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांमुळे आज कुठल्याही डब्यावर कमाल किंमत आणि उत्पादकाचा किंवा आयातदाराचा पत्ता छापावाच लागतो. त्याच डब्यावर 'एका व्होल्टला इतके डेसिबल' एवढी एक ओळ सक्तीची करायला काय हरकत आहे? 'डीप बास' आणि 'सेव्हन पॉइंट वन' छापायला जागा आहेच की! गेमिंगच्या बहुतेक हेडफोनमध्ये ते सात-आठ स्पीकर सॉफ्टवेअरने भासवलेले असतात. कानाशी असतात ते दोनच.

जॅकमधून खरखर येते म्हणून काही जण अ‍ॅम्प घ्यायला निघतात. त्यांनी आधी चार्जर काढून बघावा. गुणगुण तिथल्या तिथे थांबली तर दोष वीजपुरवठ्याच्या वाटेत आहे. घरातलं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. चार्जर काढूनही खरखर राहिली तर यूएसबीला लावायचा छोटा डॅक डोंगल, म्हणजे डिजिटल संकेताचा आवाज करणारा तुकडा, आणा. त्यातला ध्वनिभाग लॅपटॉपच्या गजबजाटाबाहेर असतो, म्हणून बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं.

आता खऱ्या खर्चाचं बोलू. पैसे कानाला लागणाऱ्या भागावर घाला. आपल्या हवेत घाम येतो, पावसाळ्यात रेक्झिनची कुशनं सोलून काळे कपटे गालाला चिकटतात. माझ्या हेडफोनला मखमली कुशनं आहेत आणि ती बदलून मिळतात. त्याची वायर मात्र तीन मीटरची, खुर्चीच्या चाकाखाली हमखास येते आणि काढून नवी लावता येत नाही. वायर सुटी होणारा हेडफोन मिळत असेल तर थोडे जास्त गेले तरी तोच घ्या. चष्मा असेल तर तो घालूनच हेडफोन चढवून बघा. काडीपाशी फट राहिली तर खर्ज निसटतो, आणि तो कुठलाही अ‍ॅम्प परत आणून देत नाही.

उघड्या पाठीचे हेडफोन मोकळे वाजतात, हे खरंच. पण त्यांना शांत खोली लागते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. महामार्ग, रेल्वे आणि एसटीच्या या गावात ती किती पाळली जाते, हे पनवेलकरांना मी काय सांगू? बाहेरचा गोंगाट आत आला की आपण आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा: ८० डेसिबल आठवड्याला चाळीस तास चालेल, ९० डेसिबल फक्त चार तास. माझ्यासारखीचा आठवडा चाळीस तासांचाच असतो. म्हणून मला बंद पाठीचा हेडफोन परवडतो. बाहेरचं कमी ऐकू येतं, म्हणून आतलंही कमीवर ठेवता येतं. पोरांच्या हातात अ‍ॅम्प द्यायला मी नाखूश आहे, त्याचं हेही एक कारण.

ब्लूटूथवाल्यांना एवढंच सांगते की मीटिंगमध्ये त्याचाच माइक चालू केला, की बहुतेक हेडफोन कॉलच्या पद्धतीवर जातात आणि आवाज जुन्या टेलिफोनसारखा चपटा होतो. कॉम्प्युटरसमोरच बसायचं असेल तर वायरचा घ्या.

विकत घेताना कानाने घ्या. लॅमिंग्टन रोडला जा किंवा पनवेलच्याच दुकानात, पण मोबाइलमध्ये स्वतःच्या ओळखीची ध्वनिमुद्रणं घेऊन जा. दुकानदार लावतो त्या धमाकेदार गाण्यावर सगळेच हेडफोन छान वाटतात. मी तीन गोष्टी लावते. एक साधं भाषण, 'स' आणि 'श' कानाला टोचतात का ते बघायला. एक ख्याल, डग्ग्याची घुमार फुगून तानपुऱ्याची जवारी झाकली जाते का ते कळायला. आणि बालगंधर्वांची ७८ गतीची एखादी जुनी तबकडी. तिची खरखर गाण्याच्या मागे राहिली तर हेडफोन ठीक, गाण्याच्या पुढे येऊन बसली तर परत डब्यात.

"ताई, डबा फोडला तर घ्यावाच लागेल," असं दुकानदार म्हणतो. त्याचंही खोटं नाही, फोडलेला डबा कोण घेणार? पण हजारोंची वस्तू विकणाऱ्याने एक नमुना ऐकायला बाहेर ठेवावा, ही मागणी अवाजवी नाही. साडीच्या दुकानात आपण घडी मोडल्याशिवाय पैसे देत नाही. हेडफोनच्या दुकानातही तोच खमकेपणा दाखवा. ओहम किती, एका व्होल्टला डेसिबल किती, आणि ऐकवता का, एवढं विचारा. यातल्या एकाचंही उत्तर मिळालं नाही तर पाकीट खिशात ठेवा आणि पुढच्या दुकानात जा.