पदपथासाठी याचना कशासाठी?

देशातील 50 मोठ्या शहरांतील पदपथांची तपासणी करा, असा आदेश 7 ऑक्टोबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने राज्यांना पादचाऱ्यांच्या सुरक्षेचे नियम करण्यासाठी सहा महिन्यांची मुदतही दिली. आदेश स्वागतार्ह आहे. पण तो द्यावा लागणे ही महापालिकांपासून मंत्रालयापर्यंत साऱ्यांचीच नामुष्की आहे. कोईमतूरचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. एस. राजशेखरन यांची ही याचिका 2012 पासून सुरू आहे. मोकळा आणि दिव्यांगांना वापरता येईल असा पदपथ हा अनुच्छेद 21 खालील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे याच याचिकेत 14 मे 2025 रोजी न्यायालयाने निःसंदिग्धपणे सांगितले होते. मार्गदर्शक तत्त्वे मांडण्यासाठी केंद्राला दोन महिने दिले होते. पाच महिन्यांत न्यायालयाला पुन्हा तोच विषय हाती घ्यावा लागतो, याचा अर्थ उघड आहे. हक्क निकालपत्रात आला, रस्त्यावर आला नाही.

हक्काची वस्तू मागावी का लागते, हा खरा प्रश्न आहे. व्हीलचेअरवरच्या माणसाला घरासमोरच्या पदपथाला उतार हवा असेल तर तो काय करतो? क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देतो, आवक क्रमांक घेतो. त्याच कार्यालयाला तीन पायऱ्या असतील तर अर्जसुद्धा दुसऱ्याच्या हाती पाठवतो. पथ विभाग म्हणतो, मध्ये विजेचा खांब आहे, विद्युत विभागाकडे जा. विद्युत विभाग सांगतो, शेजारचा डीपी (वीजवितरणाची पेटी) महावितरणचा आहे. झाड उद्यान विभागाचे, टपरी अतिक्रमण विभागाची, चेंबर मलनिस्सारणाचे. अॅपवर तक्रार केली तर चार दिवसांत ‘आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे’ असा संदेश येतो आणि पदपथ जिथल्या तिथे, तसाच असतो. मोटार चालवणाऱ्याला रस्ता मिळावा म्हणून अर्ज करावा लागत नाही. मग चालणाऱ्याला का?

आपले पदपथ एकदा नीट पाहावेत. भारतीय रस्ते परिषदेच्या निकषानुसार पदपथाची उंची 150 मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी, चालण्यासाठी किमान 1.8 मीटर रुंदी मोकळी असावी आणि उतार 1:12 पेक्षा तीव्र नसावा. प्रत्यक्षात पदपथ फूट-दीड फूट उंच असतो. प्रत्येक सोसायटीच्या फाटकापाशी तो मोटारीसाठी तोडलेला असतो, म्हणजे उतार केला तोही मोटारीसाठी. शंभर पावलांत पाच वेळा उतरा, पाच वेळा चढा. गुडघे दुखणाऱ्या आजीला हे जमत नाही, व्हीलचेअरला तर शक्यच नाही. अंधांसाठी बसवलेल्या पिवळ्या फरशांची भाषा ठरलेली आहे: उभ्या पट्ट्या म्हणजे पुढे चला, ठिपके म्हणजे थांबा. त्या फरशा नजरेपुरत्या, रंगसंगती म्हणून बसवल्या जातात. पट्ट्या थेट डीपीच्या पेटीवर नेऊन सोडतात आणि तिच्या आधी ठिपक्यांची एकही फरशी नसते. पट्ट्यांवर विश्वास ठेवून चालणाऱ्या माणसाचे कपाळ त्या पेटीवर आपटते. ही फसवणूक आहे.

कायदे कमी आहेत असेही नाही. पदपथांना उतार हवेत, हे दिव्यांगांसाठीच्या 1995 च्या कायद्यातच लिहिले होते. मात्र ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ अशी पळवाट ठेवली होती. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सुगमता बंधनकारक केली, पण त्याखालच्या नियमांनी निकष ऐच्छिक असल्यासारखे ठेवले. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रतुडी खटल्यात तो नियमच कायद्याशी विसंगत ठरवला आणि तीन महिन्यांत सक्तीचे निकष ठरवण्यास सांगितले. सुगम्य भारत अभियान 2015 पासून चालू आहे. महाराष्ट्रात तर दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग आहे आणि स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाच्या 5 टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करण्याचे बंधन आहे. मुंबई महापालिकेचा 2025-26 चा अर्थसंकल्प 74 हजार कोटींच्या पुढे होता. पैसा नाही, ही सबब कोणी सांगू नये.

पैसा खर्च होतो; तो कशावर होतो, हे मोजमाप पुस्तकात दिसते. पेव्हर ब्लॉक चौरस मीटरमध्ये मोजतात, कर्ब स्टोन रनिंग मीटरमध्ये. त्या नोंदीवर ठेकेदाराचे देयक निघते. या टोकापासून त्या टोकापर्यंत व्हीलचेअर जाते का, याचा रकानाच त्यात नाही. जे मोजले जात नाही ते केले जात नाही. म्हणून दर दोन वर्षांनी ब्लॉक उखडून नवे बसवले जातात आणि पदपथ चालण्याजोगा होत नाही तो नाहीच.

मुंबईत तर दुचाकी रोखण्यासाठी पदपथांच्या तोंडाशी बोलार्डचे खांब इतके जवळजवळ ठोकले की व्हीलचेअर आत शिरेना. एका व्हीलचेअरधारक नागरिकाने ई-मेल लिहून गाऱ्हाणे मांडले, तेव्हा 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. दोन खांबांमधले अंतर किती असावे, हे ठरवायला राज्याचे उच्च न्यायालय लागावे? मग अभियंत्यांची फौज कशासाठी पोसायची?

आता फेरीवाल्यांकडे बोट दाखवले जाईल. पथविक्रेत्यांचा कायदा 2014 चा आहे. त्यानुसार जागा ठरवून देण्याचे काम महापालिकांनी वेळेत केले असते तर हा वाद उरलाच नसता. शिवाय दीड फुटाची उंची, उघडे चेंबर आणि मधोमध आलेला डीपी फेरीवाल्याने आणलेला नाही.

हा मूठभरांचा प्रश्न नाही. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29 लाख 63 हजार दिव्यांग नोंदले गेले. त्यांच्यात काठी टेकणारे वृद्ध, गरोदर स्त्रिया, बाबागाडी ढकलणारे आईबाप आणि पाय प्लास्टरमध्ये असलेला तरुण मिळवा. पदपथ वापरता येत नाही म्हणून हे सारे रस्त्यावर उतरतात आणि गाड्यांच्या तोंडी जातात. 2023 मध्ये देशात 35 हजारांहून अधिक पादचारी रस्त्यांवर मेले. दरवर्षी एखादे तालुक्याचे गाव नाहीसे व्हावे आणि कोणाला त्याचे काही वाटू नये, अशी ही स्थिती आहे. सागरी किनारा मार्गाचे आणि उड्डाणपुलांचे सोहळे होतात. पण तेथवर पोहोचणारा माणूसही आधी घराबाहेर पाऊलच टाकतो.

दाद मागायची तरी कोणाकडे? मुंबई-पुण्यासह अनेक महापालिकांत मार्च 2022 पासून कित्येक वर्षे नगरसेवकच नव्हते, प्रशासकांचा कारभार होता. जानेवारी 2026 अखेरपर्यंत निवडणुका घ्या, असे बजावले तेही न्यायालयानेच! मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला प्रभागातल्या पदपथावर उभे करून जाब विचारला पाहिजे.

न्यायालयाने सांगितलेल्या तपासणीचा आणखी एक अहवाल सल्लागार कंपनीकडून करून घेण्यात अर्थ नाही. ती तपासणी व्हीलचेअरवरच्या आणि पांढरी काठी घेतलेल्या नागरिकांनी करावी आणि त्यांच्या सहीशिवाय पदपथाचे एकही देयक मंजूर होऊ नये. प्रत्येक प्रभागात एकच अभियंता पदपथाला जबाबदार असावा, त्याचे नाव फलकावर लागावे आणि खांब, झाड, चेंबर कोणत्याही विभागाचे असो, उत्तर त्यानेच द्यावे. निकष मोडून बांधलेला पदपथ ठेकेदाराने स्वखर्चाने पुन्हा बांधावा. यासाठी नवा कायदा लागत नाही, नवा निधीही लागत नाही. नागरिकांनी पुरेसे अर्ज केले आहेत. आता उत्तर देण्याची पाळी आयुक्तांची आहे.