बाटलीवरचे नाव आणि बाटलीतले द्रव्य



प्रात्यक्षिकाच्या वहीत न घेतलेले निरीक्षण लिहून टाकणे ही क्षुल्लक गोष्ट आहे, असे तुमच्यापैकी पुष्कळांना वाटत असेल. वाशीम जिल्ह्यात पदार्थविज्ञान शिकवताना अशा वह्या मी नेहमी पाहतो. उत्तर पुस्तकाशी तंतोतंत जुळते, पण उपकरणावरची धूळ मात्र तशीच असते! विद्यार्थिदशेत मीही हे केले आहे. पण हीच सवय प्रयोगशाळेबाहेर गेली तर काय घडते, ते पाहा.

१९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. मेंदूतील किंवा डोळ्यातील दाब कमी व्हावा म्हणून त्यांना ग्लिसरीन दिले होते. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य निघाले, तेही शंभर भागांत सुमारे साडेअठरा भाग! त्याने रुग्णांची मूत्रपिंडे निकामी झाली. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी करून संबंधित यंत्रणांच्या हलगर्जीपणावर कठोर ताशेरे ओढले.

ही भेसळ डोळ्यांना का दिसत नाही? दोन्ही द्रव रंगहीन, दाट आणि गोडसर आहेत. पण तराजू फसत नाही. ग्लिसरिनची घनता १.२६, तर डायएथिलीन ग्लायकॉलची १.१२ आहे. २५ घन सेंटीमीटरच्या विशिष्ट गुरुत्वाच्या बाटलीत शुद्ध ग्लिसरीन सुमारे ३१.५ ग्रॅम मावते. वरील मिश्रण मावेल सुमारे ३०.९ ग्रॅम. अर्ध्या ग्रॅमहून अधिक असलेला हा फरक तुमच्या शाळेच्या तराजूवरही कळेल.

मात्र एवढ्याने काम भागत नाही. ग्लिसरीन हवेतील बाष्प शोषून घेते आणि त्यानेही घनता घटते. म्हणजे घनता सांगते ती एवढेच, की काहीतरी बिघडले आहे. काय बिघडले, ते सांगत नाही. शिवाय औषधी ग्लिसरीनमध्ये या विषाची मर्यादा ०.१ टक्का आहे, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये साधारण दोन थेंब. आपल्या बाटलीत त्यामुळे पडणारा फरक जेमतेम तीन-चार मिलिग्रॅमचा असतो. तेथे वर्णलेखन, म्हणजेच क्रोमॅटोग्राफी वापरावी लागते. टीपकागदावर शाईचा ठिपका देऊन कागदाचे टोक पाण्यात बुडवले, की शाईतले रंग वेगळे होतात. तत्त्व तेच, उपकरणे मात्र अधिक सूक्ष्म. ‘हे ग्लिसरीन आहे का?’ एवढे विचारून थांबायचे नसते. ‘यात आणखी काय आहे?’ हा प्रश्न महत्त्वाचा.

ही विद्या नवी नाही. १९३७ मध्ये अमेरिकेत याच द्रव्यात विरघळवलेल्या औषधाने शंभराहून अधिक माणसे गेली आणि पुढच्याच वर्षी तेथे कडक कायदा झाला. तरीही २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक मुले दगावली. त्यांतील अनेकांना उपचारांसाठी नागपूरला आणले होते. त्या औषधात हे विष ४८ टक्क्यांहून अधिक निघाले. त्यानंतर केंद्रीय औषध नियंत्रकांनी राज्यांना लिहिलेल्या पत्रात नमूद केले, की काही कारखाने कच्च्या मालाची प्रत्येक खेप तपासतच नव्हते.

म्हणजे उणीव ज्ञानाची नव्हती, उपकरणांचीही नव्हती. तपासणी न करताच ‘ठीक आहे’ असे मानले गेले. न घेतलेले निरीक्षण वहीत लिहिणे याहून वेगळे आहे काय?

शिक्षकांना माझी एक सूचना आहे. ग्लिसरिनच्या चार सारख्या बाटल्या घ्या, एकीत दहावा भाग पाणी मिसळा आणि कोणती ते सांगू नका. विद्यार्थ्यांनी घनता काढून ती ओळखावी. येथे पुस्तकात पाहून उत्तर लिहिता येणार नाही. ज्याचे निरीक्षण चुकले पण प्रामाणिक आहे, त्याला गुण द्या. ज्याचे नुसते जुळवलेले आहे, त्याला देऊ नका.

मित्रहो, तुमच्यापैकी कोणी उद्या औषधाच्या कारखान्यात तपासनीस होईल. त्याच्या सहीवर विश्वास ठेवून एखादी आई आपल्या लेकराला चमचाभर औषध पाजील. त्या सहीचा सराव आजच्या वहीत होत असतो.