मेंदूचे शास्त्र आणि शिकवण्यातील गोडी

शिकवणे मनोवेधक असावे, याविषयी आज दुमत उरलेले नाही. मतभेद आहे तो ही मनोवेधकता कशात असते, याविषयी. शाळेतील शिक्षक असोत, उमेदवारांना यंत्रावर तयार करणारे निदेशक असोत, वा कचेऱ्यांतून प्रशिक्षणवर्ग चालविणारे अधिकारी असोत, ह्या सर्वांनाच अलीकडे मेंदूच्या शास्त्राची साक्ष काढण्याची सवय जडली आहे. चित्रे रंगीत हवीत, मधूनमधून करमणूक हवी, डाव्या मेंदूच्या माणसाला एक रीत आणि उजव्या मेंदूच्या माणसाला दुसरी, असे नाना नियम त्या शास्त्राच्या नावावर सांगितले जातात. वस्तुतः निरोगी माणसाच्या मेंदूचे दोन्ही गोलार्ध एकत्रच काम करतात. कोणी डोळ्यांनी शिकणारा तर कोणी कानांनी, ही समजूतही तितकीच दुबळी आहे. अशा वर्गवारीप्रमाणे शिकविल्यास अधिक लाभ होतो, यास पुरेसा पुरावा नसल्याचे हॅरल्ड पॅशलर व त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी 2008 साली दाखवून दिले.

मग मेंदूचे लक्ष खरोखर वेधले जाते कशाने? स्वित्झर्लंडमधील वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेले प्रयोग या दृष्टीने मोठे बोधप्रद आहेत. माकडाला अवचित फळाच्या रसाचा थेंब मिळाला की मेंदूतील डोपामीन नावाचे द्रव्य सोडणाऱ्या मज्जापेशी एकदम उत्तेजित होत. रसापूर्वी एक ठराविक खूण दाखविण्याचा परिपाठ ठेवला, तेव्हा काही काळाने त्या पेशी खूण दिसताच जाग्या होऊ लागल्या. प्रत्यक्ष रस आला तरी त्यांना त्याचे काहीच वाटेनासे झाले. आणि खूण होऊनही रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणी त्यांचे चलनवलन मंदावले. म्हणजे ह्या पेशी सुखाची नोंद घेत नाहीत. अपेक्षा व अनुभव यांतील अंतराची नोंद घेतात. 1997 साली शुल्ट्झ यांनी पीटर डायन व रीड माँटेग्यू यांच्यासह हा विचार सुसूत्रपणे मांडला. ज्याने काही अपेक्षाच केलेली नाही त्याची अपेक्षा चुकणार कशी? उत्तर आधी सांगून टाकणारा शिक्षक नेमकी हीच संधी दवडतो.

अर्थात्, माकडाच्या रसापासून वर्गातील धड्यापर्यंतची वाट लांब आहे. योगायोग असा की, त्याच 1997 साली जॉन ब्रूअर यांनी मज्जापेशींच्या ज्ञानावरून थेट शिक्षणाचे नियम काढण्याविरुद्ध इशारा दिला; मधला पूल मानसशास्त्राने बांधावा लागेल, असे त्यांचे प्रतिपादन होते. ते रास्तच होते. म्हणून वर्गाच्या अधिक जवळ असलेल्या एका प्रयोगाकडे वळणे इष्ट होय.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांचा हा प्रयोग 2006 साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना एक उतारा देण्यात आला. एका गटाने तो चार सत्रांत पुनःपुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात वाचला व उरलेल्या तीन सत्रांत तो न पाहता, आठवेल तेवढा कोऱ्या कागदावर उतरविला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली, तेव्हा वाचणाऱ्यांना मजकुराचा 83 टक्के भाग आठवला, आठवून लिहिणाऱ्यांना 71. एका आठवड्यानंतर मात्र पारडे फिरले: वाचणारे 40 टक्क्यांवर घसरले आणि आठवणारे 61 टक्क्यांवर टिकले. याहूनही विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, पुढे आपल्याला किती आठवेल असे विचारता, अधिक विश्वास वाटला तो केवळ वाचन करणाऱ्यांनाच.

सुलभतेचा हा भास साऱ्या प्रशिक्षणव्यवस्थेला चकवीत आहे. हार्वर्ड विद्यापीठातील पदार्थविज्ञानाच्या वर्गांत 2019 साली असेच आढळले. स्वतः प्रश्न सोडविण्यास लावलेले विद्यार्थी अधिक शिकले. आपण अधिक शिकलो असे मात्र सफाईदार व्याख्यान ऐकणाऱ्यांना वाटले. असे असता वर्गाच्या अखेरीस एक छापील पत्रक वाटावयाचे, 'वर्ग कसा वाटला?' असे विचारावयाचे आणि उत्तरांवरून वर्गाचे यश ठरवावयाचे, ही प्रथा कितपत शहाणपणाची? त्या पत्रकावर उत्तम शेरा मिळतो तो बहुधा ज्याने श्रोत्यांना काहीच श्रम पडू दिले नाहीत त्याला. रक्तदाब मोजण्यास शिकलेल्या आरोग्यसेविकेला महिन्याभराने, एकट्याने, रुग्णासमोर तो नीट मोजता येतो की नाही, हे पाहण्याची तसदी क्वचित्‌च घेतली जाते. त्यासाठी खर्च पडतो, हेही खरे.

'परीक्षा' हा शब्द आपल्या देशात भयाचा झाला आहे, आणि त्यामुळे आठवून सांगण्याचा सराव हे शिकविण्याचे एक उत्तम साधन वाया चालले आहे. झुरिक येथील एका प्रयोगात, आदल्या दिवशी पाठ केलेले शब्द आठवण्यापूर्वी तासभर कॉर्टिसोन दिले असता स्मरण घटल्याचे 2000 साली दिसून आले. ह्याच जातीचे द्रव्य ताणाच्या वेळी शरीर स्वतः निर्माण करते. तेव्हा प्रश्न हवेत, परंतु त्यांवर गुण नकोत. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने मूल्यमापन वर्षअखेरच्या पाठांतरापासून दूर नेऊन वरचेवरचे व शिकण्यास साह्य करणारे व्हावे, असे म्हटले आहे. ते उद्दिष्ट योग्य असले तरी, वरचेवरच्या चाचणीचे गुणही नोंदवहीत चढू लागले तर एका परीक्षेच्या जागी दहा परीक्षा उभ्या राहतील.

साठ मुलांच्या वर्गात, अभ्यासक्रम पुरा करण्याच्या घाईत, शिक्षकाने हे करावे केव्हा, असा आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाही. परंतु याला ना यंत्र लागते, ना रंगीत तक्ते. धडा सुरू करण्यापूर्वी 'पाण्याने भरलेला पेला झाकण लावून बर्फात ठेवला तर काय होईल?' असा एक प्रश्न, ज्याचे उत्तर प्रत्येकाने, चुकले तरी चालेल, वहीत लिहावयाचे. आणि आठवड्याने, पुस्तके मिटून, त्याच धड्यावरील दोन प्रश्न. एवढ्यास पाच-सात मिनिटे पुरतात, आणि ती मिनिटे फळ्यावरचे उतरवून घेण्याच्या वेळातून काढता येतात.