बिऱ्हाड कोठे करावे?

संपादक महाशय,



मुंबईस बदलून येणाऱ्या गृहस्थाने बिऱ्हाड शोधताना भाडे आणि स्थानकाचे अंतर एवढ्याच बाबी पाहाव्यात, असा जो अभिप्राय आपल्या गतांकातील पत्रलेखकांनी दिला आहे, तो मला मुळीच मान्य नाही. कर्ता माणूस सकाळी लोकल गाठतो तो दिवेलागणीनंतरच परततो. मधला सबंध दिवस त्या वस्तीत काढावयाचा असतो तो मुलाबाळांना व वृद्धांना, आणि त्यांची बाजू त्या पत्रात कोठेच आलेली नाही.

आम्ही नागपूरहून आलो तेव्हा स्वस्ताईच्या मोहाने प्रथम जेथे राहिलो, तेथे माझ्या सासूबाई चार महिने जिन्याखाली उतरल्या नाहीत. पुढे, जेथे १९२१ पासून टिळक विद्यालय आणि १९२३ पासून लोकमान्य सेवा संघ नांदत आहे, त्या विलेपार्ल्यात जागा घेतली. सामान उतरत असतानाच शेजारच्या वहिनी चहाची किटली व सहा कपबश्या घेऊन दारात उभ्या राहिल्या. आठवड्याभरात सासूबाई त्यांच्या सोबतीने संघाच्या ग्रंथालयात जाऊ लागल्या. भाडे अर्थातच जास्त पडले, आणि ते मला आजही जड वाटत नाही.

डोंबिवली, मुलुंड, ठाणे येथेही असा शेजार मिळतो, मात्र तो दलालाच्या तोंडून कळत नाही. संध्याकाळी सहाच्या सुमारास त्या गल्लीतून सावकाश फिरावे, मुले खाली खेळतात की नाही ते पाहावे, वाण्याशी दोन शब्द बोलावेत, आणि मगच अनामत रकमेस हात घालावा.



एक पार्लेकर वाचक