माँटिसेलोचा वाडा आणि त्याचें दप्तर

अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारे थॉमस जेफर्सन हे मूळचे जमीनदार. व्हर्जिनिया प्रांतांत डोंगरमाथ्यावर त्यांनीं बांधलेला माँटिसेलो नांवाचा वाडा पाहण्यास आजहि लोक दुरून येतात. घुमटाची व ग्रंथांची वर्णनें पुष्कळ झालीं. प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसूल खात्यांत वह्या तपासण्यांत गेलें, म्हणून त्याचें लक्ष तेथील दप्तराकडेच जातें.

शेतीविषयींची त्यांची जिज्ञासा खरी होती. तंबाखूनें जमीन निकस होते हें पाहून १७९० नंतर त्यांनीं गहूं व पिकांची फेरपालट धरली. नांगराची माती उलटविणारी फळी कमी ओढींत चालावी म्हणून गणितानें तिचा नवा आकार बसविला. त्यांच्या जांवयानें उतारास आडवी नांगरट सुरू केली, ती आपल्या वाचकांस सहज पटेल. रोजचा खर्च ते पैपैनें टिपीत. परंतु एकंदर देणें किती, हें दीर्घकाळ त्यांना नीट ठाऊक नव्हतें.

सासऱ्यांच्या मागें जमीन आली, तीबरोबर कर्जहि आलें. वाडा पाडून पुन्हां वाढविणें, आल्यागेल्याची सरबराई हें चालूच होतें. त्यांत १८१८ सालीं एका स्नेह्याच्या २०,००० डॉलरांस ते जामीन राहिले, आणि पुढच्याच वर्षीं स्नेही बुडाला. (जामीनकीनें बसलेलीं घरें आपणांस का ठाऊक नाहींत?) ४ जुलै १८२६ रोजीं ते वारले, तेव्हां देणें एक लक्ष डॉलरांहून अधिक होतें.

येथवर ही एका भल्या गृहस्थाच्या अव्यवहाराची हकीकत वाटते. पण कर्जाच्या फेडीसाठीं विक्रीस काय निघालें? जानेवारी १८२७ च्या लिलावाच्या जाहिरातींत गुरें व अवजारें यांच्यासोबत १३० गुलाम माणसें होतीं. मृत्युपत्रानें मोकळीक मिळाली ती अवघ्या पांच जणांस. जो फॉसेट हा लोहार त्यांतला एक. त्याची बायको ईडिथ व कित्येक मुलें मात्र विकलीं गेलीं. जेफर्सन यांच्या शेतकीच्या वहींत अशा माणसांचे जन्म, त्यांना वाटलेलें कापड व शिधा यांच्या नोंदी त्यांच्याच हातच्या आहेत.

१९२३ पासून एक संस्था वाडा सांभाळते. अलीकडे ती या माणसांच्या वस्तीचीं ठिकाणेंहि दाखविते. यामुळें थोर पुरुषास उणेपणा येतो, अशी कांहींची तक्रार आहे. मला ती मान्य नाहीं. वही त्यांनीं स्वतःच लिहून ठेविली आहे, मग ती अर्धीच कां वाचावी? तेथें जाणाऱ्यानें घुमटाआधीं तुतींच्या रांगेजवळील लोहारशाळेची जागा पाहावी.