वैद्यकीय ज्ञानाची प्रत : कायदा किती मुभा देतो?

राज्यातील दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे ऑक्टोबर २०२४ मध्ये एकाच दिवशी उद्घाटन झाले. एमबीबीएसच्या शंभर जागांचे अंबरनाथचे महाविद्यालय त्यांपैकी एक. नव्या महाविद्यालयाची चर्चा नेहमी जागा, इमारत आणि प्राध्यापकांची पदे यांभोवती फिरते; ग्रंथालयाबद्दल क्वचितच कोणी विचारते. विद्यार्थी मात्र आपली सोय करून घेतात. ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्रीच्या जाडजूड पुस्तकांच्या पीडीएफ टेलिग्रामवरून मोबाइलमध्ये उतरतात आणि उरलेले काम झेरॉक्सचे दुकान करते. हे देशभर चालते. त्यातले कायद्यात किती बसते, हा प्रश्न विद्यार्थी विचारत नाहीत आणि शिक्षक टाळतात.

अंबरनाथच्या एक स्टेशन मागे उल्हासनगर. तेथे नक्कल हा थट्टेचा विषय आहे. ‘मेड इन यूएसए’मधील यूएसए म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, हा जुना विनोद उल्हासनगरकर स्वतःच सांगतात. पण तो मामला ट्रेडमार्कचा, म्हणजे दुसऱ्याच्या नावाखाली आपला माल विकण्याचा. पुस्तकातले प्रकरण झेरॉक्स करणे हा कॉपीराइट कायदा, १९५७ चा विषय आहे आणि त्या कायद्याची वृत्ती वेगळी आहे. तो नुसती मनाई करत नाही. परवानगी न घेता, पैसे न देता काय काय करता येते याची लांबलचक यादीच त्याच्या कलम ५२ मध्ये दिली आहे.

मुळात कॉपीराइट मांडणीवर असतो, माहितीवर नसतो. मलेरियाच्या औषधाचा डोस कोणाच्या मालकीचा नाही. तो ज्या शब्दांत आणि ज्या आकृतीत समजावला, ती मांडणी लेखकाची किंवा प्रकाशकाची. डॉक्टरने तीच माहिती स्वतःच्या शब्दांत लिहिली तर प्रश्नच उद्भवत नाही. मांडणी जशीच्या तशी हवी असेल तेव्हा कलम ५२ कडे जावे लागते. स्वतःच्या अभ्यासासाठी आणि संशोधनासाठी रास्त वापर करता येतो. शिक्षकाला किंवा विद्यार्थ्याला शिकवण्या-शिकण्याच्या ओघात कोणत्याही कृतीची प्रत काढता येते. परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत उतारा वापरता येतो.

‘शिकवण्याच्या ओघात’ म्हणजे नेमके काय, यावर दिल्लीत मोठी लढाई झाली. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दिल्ली विद्यापीठ आणि तेथील रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस यांच्यावर दावा ठोकला. प्राध्यापकांनी नेमलेल्या वाचनातील प्रकरणे एकत्र करून त्यांचे संच हे दुकान विकत होते. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी दावा फेटाळला. डिसेंबरमध्ये खंडपीठाने तत्त्व कायम ठेवले: शिकवणे म्हणजे केवळ वर्गातला तास नव्हे, आणि पाने किती हा निकष नसून शिकवण्यासाठी त्या मजकुराची गरज होती का, हा निकष आहे. प्रत विद्यार्थ्याने स्वतः काढली की पैसे घेऊन दुकानदाराने, यानेही फारसा फरक पडत नाही. मात्र हे मजकूर अभ्यासासाठी खरोखर आवश्यक होते का आणि अख्खी पुस्तके झेरॉक्स करणे चालेल का, हे मुद्दे खंडपीठाने सुनावणीसाठी परत पाठवले. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला, त्यामुळे त्यांचा निकाल लागलाच नाही.

हा निकाल महाराष्ट्रातल्या न्यायालयांवर बंधनकारक नसला तरी दुर्लक्षिण्यासारखाही नाही. अंबरनाथच्या प्राध्यापकाने एखाद्या विषयावर चार पुस्तकांतली चार प्रकरणे निवडून विद्यार्थ्यांच्या हाती दिली, तर त्याची बाजू भक्कम आहे. टेलिग्रामवर फिरणाऱ्या हजार पानी पीडीएफची बाजू तशी नाही. ती कोणा शिक्षकाने कोणत्या पाठासाठी निवडलेली नसते आणि अनोळखी हजारोंना वाटलेली असते. सगळे करतात म्हणून ते कायदेशीर होत नाही. गंमत अशी की बेकायदा मार्ग सर्रास वापरला जातो आणि प्राध्यापकाने स्वतः निवडलेल्या वाचनाचा संच, जो कायद्यात बसतो, तो बनवण्याचे कष्ट फार थोडे जण घेतात.

जुनी पुस्तके तर पूर्ण मोकळी आहेत. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो. साने गुरुजींची पुस्तके २०११ पासून कोणीही छापू शकतो ती यामुळेच. वैद्यकात याचे उत्तम उदाहरण ‘ग्रेज ॲनाटॉमी’. १८५८ च्या पहिल्या आवृत्तीतील चित्रे काढली हेन्री व्हँडाइक कार्टर यांनी. हेन्री ग्रे यांना दर हजार प्रतींमागे दीडशे पौंड ठरले. कार्टर यांना एकदाच दीडशे पौंड मिळाले आणि पुढच्या विक्रीत वाटा नाही. पुस्तक निघाले त्याच वर्षी ते मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले, पुढे साताऱ्यात सिव्हिल सर्जन झाले, कुष्ठरोगावर काम केले. १८९७ मध्ये ते वारले. त्यांच्या मूळ आकृत्या आज अंबरनाथच्या भिंतीवर मोठ्या करून लावायला कोणाला विचारावे लागत नाही. त्याच पुस्तकाची ताजी आवृत्ती मात्र आजच्या प्रकाशकाची आहे.

इथपर्यंत प्रश्न हाती असलेल्या पुस्तकाचा होता. संशोधन निबंधांची अडचण निराळी. कलम ५२ हातातल्या मजकुराची प्रत काढू देते. मजकूर हातात आणून देत नाही. निबंध वर्गणीच्या कुलपाआड असेल तर मुभा असून उपयोग काय? साय-हब या संकेतस्थळाने ते कुलूप फोडले. त्यावर एल्सेव्हिअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी डिसेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. नवे निबंध न चढवण्याची हमी साय-हबकडून दिली गेली. ती मोडल्यावरून न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये संकेतस्थळ देशात बंद करण्याचा आदेश दिला. असे निबंध वाचणे संशोधनासाठीच्या रास्त वापरात बसते का, हा मूळ मुद्दा त्या आदेशाने सुटलेला नाही.

दरम्यान केंद्र सरकारने सरळ पैसे मोजले. ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेला नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे तेरा हजार नियतकालिके. साय-हबवर दावा लावणारे प्रकाशकही त्यांत आहेत. योजना केंद्र आणि राज्य सरकारांच्या उच्च शिक्षण संस्थांसाठी व केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी आहे; अंबरनाथचे महाविद्यालय तिच्या कक्षेत येते. पण एक स्टेशन पुढे बदलापूरच्या ग्रामीण रुग्णालयातला डॉक्टर आणि एक स्टेशन मागे उल्हासनगरच्या कॅम्पात दवाखाना चालवणारा जनरल प्रॅक्टिशनर बाहेर राहतात. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला जो निबंध फुकट वाचता येतो, तो रोज शंभर रुग्ण तपासणाऱ्याला विकत घ्यावा लागतो. सार्वजनिक पैशातून घेतलेल्या वर्गणीची ही रेषा चुकीच्या जागी आखली आहे. तोवर त्यांना पबमेड सेंट्रलवरचे खुले निबंध आहेत आणि थेट लेखकाला ईमेल करून प्रत मागण्याचा मार्ग आहे. बहुतेक प्रकाशक लेखकाला तेवढी मुभा देतात.

ओपीडीत आणखी एक सापळा असतो. स्मृतिभ्रंश तपासण्याची एमएमएसई ही प्रश्नावली १९७५ ची. जगभरच्या डॉक्टरांनी ती पंचवीस वर्षे मुक्तपणे झेरॉक्स केली. २००१ पासून तिचे परवाने एक अमेरिकन कंपनी देऊ लागली. रुग्णाकडून फॉर्म भरून घेणे हे अध्यापनही नाही आणि संशोधनही नाही, त्यामुळे कलम ५२ चा आधार येथे लुळा पडतो. उलट नैराश्यासाठीची पीएचक्यू-९ ही प्रश्नावली विनापरवाना वापरायला खुली आहे आणि मराठीतही उपलब्ध आहे. विभागात कोणता फॉर्म ठेवायचा हे ठरवताना एवढे पाहिले तरी पुरे.

सर्वांत मोठे नुकसान रुग्णांचे होते, कारण त्यांना वाचता येईल असे फारसे छापलेच जात नाही. मधुमेह्याने पायाची काळजी कशी घ्यावी, बाळाला जुलाब झाले तर काय द्यावे, याची चांगली पत्रके इंग्रजीत पडून असतात. भाषांतराचा हक्क मूळ हक्कधारकाचा, म्हणून लोक कचरतात. कायद्याने येथेही दार ठेवले आहे. कलम ३२ नुसार परदेशी पुस्तकाचे अध्यापन किंवा संशोधनासाठी भाषांतर करायचे असेल तर प्रकाशनानंतर तीन वर्षांनी सक्तीचा परवाना मागता येतो, आणि ज्या भाषा कोणत्याही विकसित देशात सर्रास चालत नाहीत त्यांच्यासाठी एकाच वर्षाने. मराठी त्यात बसते, उल्हासनगरची सिंधीही बसते. पण हक्कधारकाकडे आधी विचारणा, मग न्यायालयात अर्ज, मग रॉयल्टी, असा तो रस्ता आहे. एका पानाच्या पत्रकासाठी कोणी त्या वाटेने जाणार नाही.

त्याहून सोपा मार्ग जागतिक आरोग्य संघटनेचा. २०१६ च्या अखेरीपासून तिची बहुतेक प्रकाशने अशा परवान्याखाली येतात की विनाव्यापारी कामासाठी कोणीही, न विचारता, भाषांतर करू शकतो. अटी मोजक्या: मूळ स्रोत सांगायचा, संघटनेचे बोधचिन्ह वापरायचे नाही, भाषांतर संघटनेने केलेले नाही हे छापायचे आणि तेही त्याच अटींवर इतरांना खुले ठेवायचे. आपल्याकडे सरकारी पत्रक म्हणजे सर्वांचे, असा समज आहे. प्रत्यक्षात सरकारी प्रकाशनावर सरकारचा साठ वर्षे कॉपीराइट असतो. राज्याच्या आरोग्य विभागाने आपल्या पत्रकांवर असाच खुला परवाना छापला तर कोणत्याही रुग्णालयाला ती सिंधीत किंवा सोप्या मराठीत बिनघोर करून घेता येतील. त्याला नवा कायदा लागत नाही, पत्रकाच्या तळाशी दोन ओळी लागतात.

वर्गणी योजनेची मंजूर मुदत डिसेंबर २०२७ मध्ये संपते. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांना तिच्यात घेण्याची मागणी करायची तर ती त्याआधीच्या वाटाघाटींत करावी लागेल. अंबरनाथच्या पहिल्या तुकडीची अंतिम परीक्षा तेव्हा अजून व्हायची असेल.