अपघात आष्टीच्या हद्दीत, भरपाईचा दावा मात्र आपल्या जिल्ह्यात

जामखेडहून नगरला निघालं की बराचसा रस्ता बीड जिल्ह्यातून जातो. आष्टी, कडा मागं टाकल्यावर परत आपला जिल्हा लागतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये २६ तारखेच्या पहाटे याच रस्त्यावर आष्टा फाट्याजवळ मुंबईहून बीडकडे निघालेली खासगी बस उलटली. आदल्या रात्रीच आष्टी तालुक्यात दौलावडगावजवळ रुग्णवाहिका ट्रकवर आदळली होती. दोन्ही मिळून दहा माणसं गेली.

अशा वेळी गुन्हा बीड जिल्ह्यातल्या ठाण्यात नोंदला जातो. मग घरच्यांना वाटतं की आता तारखाही तिकडंच, कोण हेलपाटे मारणार? तसं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ प्रमाणे वारसदार जिथं राहतात तिथल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही अर्ज चालतो. एफआयआर, पंचनामा आणि पोस्टमार्टेमच्या नकला तेवढ्या आष्टीकडून आणायच्या.

खरी अडचण मुदतीची आहे. १ एप्रिल २०२२ पासून हा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायची अट लागू झाली. त्याआधी बरीच वर्षं मुदतच नव्हती, म्हणून गावात अजून "दोन वर्षांनी केला तरी चालतो" असं सांगणारे भेटतात. ही अट सर्वोच्च न्यायालयात आव्हानाखाली आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने, सुनावणी सुरू असेपर्यंत केवळ उशीर झाला म्हणून दावे फेटाळू नका, असा अंतरिम आदेश दिला. पण अंतरिम म्हणजे अंतरिम. त्याच्या भरवशावर कुणी बसू नये. दहावं-तेरावं झालं की वकील गाठावा.

दुसरी गोष्ट, "मिटवून टाका". समोरचा मालक दोन-तीन लाख देतो म्हणतो, चार पुढारी मध्ये पडतात, कागदावर सह्या होतात. न्यायाधिकरण हिशेब कसा करतं ते बघा. ३८ वर्षांचा माणूस, महिन्याची कमाई १५ हजार, मागं बायको, दोन पोरं आणि आई. वर्षाचे १ लाख ८० हजार. वय चाळिशीच्या आत आणि स्वतःचा धंदा, म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के धरून २ लाख ५२ हजार. त्यातला चौथा हिस्सा त्याच्या स्वतःच्या खर्चाचा वजा, उरले १ लाख ८९ हजार. या वयाला १५ ने गुणतात. २८ लाख ३५ हजार होतात. चूक समोरच्या गाडीची ठरली आणि कमाई सिद्ध झाली तर ही रक्कम, हे खरं. पण दोन-तीन लाखांत सही करण्याआधी हा आकडा माहीत असावा.

शेतकऱ्याच्या बाबतीत एक मेख आहे. जमीन तर घरातच राहते, मग नुकसान किती, असं विमा कंपनीचा वकील विचारतो. कोर्ट मग शेतीचं सगळं उत्पन्न न धरता त्या माणसाच्या राबण्याची आणि देखरेखीची किंमत धरतं. म्हणून दूध डेअरीच्या पावत्या, बाजार समितीच्या पट्ट्या, बँकेतल्या नोंदी उपयोगी पडतात. आपल्याकडं पावत्या चुलीत जातात, हेच दुखणं.

आता कुणाला विमा मिळतो आणि कुणाला नाही. प्रवासी बसमध्ये तिकीट काढून बसलेल्या माणसाला कायद्यानंच संरक्षण आहे. खासगी गाडीचं वेगळं. जानेवारी २०२५ मध्ये आपल्याच तालुक्यात जांबवाडीजवळ बोलेरो रस्त्याकडेच्या विहिरीत पडून चार तरुण गेले. तिथं समोर दुसरी गाडीच नव्हती. त्या गाडीच्या विम्याबद्दल इथं काही म्हणायचं नाही, पण अशा अपघातात खासगी गाडीचा नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर आत बसलेल्यांना सहसा काही मिळत नाही. फुल विमा असेल तर मिळतं. मालक स्वतः चालवत असेल तर १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, पण लायसन चालू हवं आणि गाडी त्याच्या नावावर हवी. गावात निम्म्या सेकंडहँड गाड्या अजून पहिल्याच मालकाच्या नावावर फिरतात. ट्रॉलीत बसून ऊसतोडीला जाणाऱ्या मजुरांचं तर सगळ्यात अवघड. मालवाहू वाहनात बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी कंपनी नाकारते आणि मालकाच्या घरावर येतं.

कोर्टाची वाट न बघता मिळणारे पैसे वेगळे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यूला २ लाख मिळतात. सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी आणि नाव नसलेला घरातला एक जण यात बसतो, वय १० ते ७५. अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडं. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जात असतील तर पंतप्रधान सुरक्षा विम्याचे २ लाख वेगळे. पासबुक उघडून बघा, कापले गेलेत का ते. मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेत जखमीला नेमलेल्या दवाखान्यात सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोख न भरता मिळतात. दवाखान्यात पोचल्यावर पहिल्यांदा हेच विचारा.

धडक देऊन गाडी पळाली आणि सापडलीच नाही, तर मृत्यूला २ लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार. त्यासाठी प्रांत किंवा तहसीलदारांकडं अर्ज करायचा. एफआयआरमध्ये "अज्ञात वाहन" असा स्पष्ट उल्लेख असू द्या. तो नसेल तर फाईल तिथंच अडते, आणि दुरुस्तीसाठी परत आष्टीला जावं लागतं.